पाणी न तोडलेलं झाड

संत्र्याचं नुसतं नाव काढलं तरी लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं उलटं आहे. माघ लागला, बगीच्यांत पांढरी फुलं फुटली आणि तो वास वाऱ्यावर आला की माझं तोंड कोरडं पडतं. जीभ टाळूला चिकटते. गोळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, केस पिकले, पेन्शन सुरू झाली, पांढुर्णा जिल्हा झाला, पण जिभेला हे कुणी कळवलंच नाही. परवा संध्याकाळी अंगणात उभी होते, वारा फिरला आणि वास आला. सून म्हणाली, "आई, किती छान सुगंध येऊन राहिला न?" मी म्हटलं, "हो ग, जरा पाणी दे." तिनं पाणी दिलं. का मागितलं ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी सौंसरला सासरी राहत होते आणि पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवत होते. रोजचं अपडाऊन. सकाळी स्वयंपाक आटोपायचा, डबा घ्यायचा, बस पकडायची. लग्न ठरताना मी एकच अट घातली होती की नोकरी सोडणार नाही. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. बाकीचे लोक एकमेकांकडे बघत बसले, तर मामाजीच म्हणाले होते, "सोडाले कोन सांगते? आपला बगीचा रोडावरच हाय. मोटर तठूनच जाते." बगीच्याचा आणि नोकरीचा काय संबंध ते मला तेव्हा कळलं नाही. पण मामाजींचं सगळं बोलणं फिरून फिरून बगीच्यावरच यायचं. कुणाचं लग्न असो, मयत असो की निवडणूक, तुलनेला संत्र्याचं झाड हजर.

मला शाळा फार आवडायची. पाचवी-सहावीची मुलं, अर्धी घरी मराठी बोलणारी, अर्धी हिंदी, आणि वर्गात दोन्हींची खिचडी. "बाई, तो मले मारून राहिला" असं म्हणत पोरगं रडत यायचं, आणि मारणाराही त्याच्याच मागून येऊन तीच तक्रार करायचा. त्या गोंगाटात मी सुखी होते. घरी मी कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको. शाळेत मी बाई होते.

त्या वर्षी दसऱ्यानंतर एक दिवस सकाळच्या बसमध्ये ते झालं. काय झालं म्हणून विचाराल तर काहीच झालं नाही. बस नेहमीचीच, खिडकीची जागाही नेहमीचीच. सौंसर मागे पडलं, बगीचे सुरू झाले, आणि एकदम छातीत धडधड उठली. हात गार, ओठांना मुंग्या, श्वास वर वर. मला अगदी खात्री पटली की मी आता मरणार आहे, या बसमध्ये, मांडीवर डबा ठेवून. मी ओरडून बस थांबवली. कंडक्टर चांगला माणूस, त्यानं मला उतरवून सावलीत बसवलं. बस गेली, आणि थोड्या वेळानं सगळं ओसरलं. मी धडधाकट उभी, रस्त्याच्या कडेला, आणि माझी मलाच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग बसमध्ये चढायच्या आधीच. मग नुसता बसचा हॉर्न ऐकू आला तरी. भीतीला कारण असलं तर माणूस कारणाशी भांडतो. बिनकारणाच्या भीतीशी भांडायला दारच सापडत नाही. मी लहानपणी विंचवाला घाबरले नाही, अंधाराला घाबरले नाही, आणि आता एका डबड्या बसला घाबरून घरी बसले होते. आधी किरकोळ रजा गेली, मग आजारपणाची. मग दुकानात जाणंही सुटलं.

सौंसरच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. काही नाही म्हणाले. छिंदवाड्याला मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा काढली, तेही काही नाही म्हणाले. "आराम करा, टेन्शन घेऊ नका." घ्यायला मी काय बाजारात गेले होते? काही नाही हे ऐकून घरच्यांना बरं वाटलं आणि मला जास्त भीती वाटली. काही नाही तर मग हे काय आहे? सासूबाईंचा विश्वास वेगळा. त्यांनी मला जामसावळीच्या मारुतीला नेलं. खरं सांगते, तिथं मला बरं वाटलं. झाडाखाली बसले होते, कुणी काही विचारत नव्हतं, आणि माझ्यासारख्या कितीतरी बाया तिथं बसल्या होत्या. पण परत यायला बसच होती.

शाळेतून निरोप आला. हेडमास्तर भले होते, पण त्यांच्याही हातात किती असणार? पुढच्या परीक्षांच्या आत रुजू झाले नाही तर माझ्या जागी दुसरी बाई येईल, असं त्यांनी कळवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे व माय, जीवापेक्षा का नोकरी मोठी हाय?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला ठाऊक होतं की एकदा का मी घरी बसले की त्या वर्गाचं दार माझ्यासाठी बंद झालं, आणि मग घराचंही हळूहळू होईल. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी म्हटलं, "अहो, मला एकदा नागपूरला न्या. डोक्याच्या डॉक्टरकडे." हे कमी बोलणारे. थोडा वेळ चप्पल पायानं इकडे-तिकडे सरकवत राहिले आणि म्हणाले, "परवा जाऊ."

डोक्याचा डॉक्टर म्हणजे तेव्हा एकच अर्थ, नागपूरचा पागलखाना. शेजारी विचारलं तर काय सांगायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी 'कमजोरी दाखवाले' असं ठरलं. कमजोरी हा फार सोयीचा आजार. तो कुणालाही होऊ शकतो आणि त्यात कुणाचा दोष नसतो.

बसनं जाणं शक्यच नव्हतं म्हणून छोट्या लाइनच्या गाडीनं निघालो. ती गाडी इतकी सावकाश चालायची की माणूस मनात आलं तर उतरून लघवीला जाऊन पुन्हा चढेल. मला तोच आधार होता. पण डब्यात माणसं चढत गेली, दाराशी गर्दी झाली, आणि लोधीखेड्याला गाडी थांबली तशी मी उतरलेच. हे माझ्या मागे उतरले. गाडी गेली. मी फलाटावरच्या बाकावर बसून रडत होते आणि हे पिशवी धरून उभे होते. परत जायचं तरी कशात?

लोधीखेड्याच्या रस्त्यावर संत्र्याचा ट्रक उभा होता, नागपूरच्या मंडीत चाललेला. आंबिया बहाराचा, म्हणजे माघातल्या फुलांचा, माल निघायचे दिवस, तेव्हा रोजच ट्रक जायचे. ड्रायव्हर ह्यांच्या ओळखीचा निघाला. केबिनमध्ये बसा म्हणाला, तर मी नाही म्हटलं, दार बंद होतं तिथं. मग मी, तहसीलच्या गावची मास्तरीण, डोक्यावर पदर घेऊन, ट्रकच्या मागे पेट्यांवर चढून बसले. खाली वाळलेल्या गवतात रचलेली संत्री, वर मोकळं आभाळ, तोंडावर वारा. नागपूर येईपर्यंत मला एकदाही घाबरं वाटलं नाही. हे एका पेटीच्या फटीतून संत्रं काढून सोलत होते. पहिली फोड मला देत म्हणाले, "डॉक्टरले हे सांगू नको. तो म्हणेल रोज ट्रकमध्येच जात जा." लग्नानंतर त्यांनी केलेला तो पहिला विनोद असावा.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही वेड्या नाही आणि ढोंगीही नाही. हा एक आजार आहे, त्याला औषध आहे." एवढ्या दिवसांत कुणी 'काही नाही' सोडून दुसरं काही म्हणालं नव्हतं. मला आजार आहे हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिथंच रडले. त्यांनी गोळी लिहून दिली. इमिप्रामीन तिचं नाव. उदासीची गोळी आहे, पण या घबराटीवरही चालते, म्हणाले. आधी थोडी घ्यायची, मग हळूहळू वाढवायची. "सुरुवातीला जीव जास्तच घाबरल्यासारखा होईल. तोंड सुकेल, पोट साफ होणार नाही. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर धीर धरा. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही." शेवटचं वाक्य ते ह्यांच्याकडे बघून बोलले. हे मान हलवत होते. मामाजी मात्र तिथं नव्हते.

ते आठवडे कसे गेले ते मी आणि माझी जीभच जाणे. तोंडात वाळू भरल्यासारखं व्हायचं. रात्रंदिवस तांब्या उशाशी. सुपारी चघळ, लवंग चघळ, खडीसाखर चघळ. भाकर गिळताना घास घशात फिरायचा, मग वरणात बुडवून बुडवून खायचा. सासूबाईंना सगळ्यात मोठी काळजी वेगळीच होती. एकादशीला त्यांनी विचारलं, "हे गोळी उपासाले चालते का व?" मी म्हटलं, ठाऊक नाही. त्या विचारात पडल्या, मग आपणच निकाल दिला, "दवाईले उपास नसते. घे." असं म्हणून त्यांनी मला भगरीसोबत गोळी दिली. आणि शेजारणीला दारातून सांगितलं, "ताकदीची गोळी हाय, नागपूरची."

मामाजी संध्याकाळी बगीच्यातून आले की ओट्यावर बसून विचारायचे, "का व, लागली का दवाई?" मी म्हणायची, "नाही अजून." ते म्हणायचे, "लागन. आज खत टाकलं त उद्या संत्रं थोडीच येते?" घरात सगळ्यांत शांतपणे वाट पाहणारे तेच होते. ज्यानं जन्मभर झाडं लावली त्याला वाट पाहायचं काय कौतुक.

आणि एक दिवस लागली. तिला येताना मी पाहिलं नाही. साडी नेसत होते, रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, आणि पदराला पिन लावताना माझ्या लक्षात आलं की तो हॉर्न मी ऐकला आणि छातीनं ऐकला नाही. मी पिन तशीच हातात धरून उभी राहिले. पुन्हा हॉर्न वाजावा म्हणून वाट बघत.

हे माझ्याबरोबर बसमध्ये यायला लागले. मग अर्ध्या रस्त्यापर्यंत. मग मी एकटी. शाळेत गेले तेव्हा मुलांनी फळ्यावर 'स्वागत' लिहिलं होतं, त्यातला 'स्व' उलटा. मी तो दिवसभर पुसला नाही.

आता इथं आमच्या बगीच्यांची एक रीत सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. थंडी पडली की संत्र्याचं पाणी तोडतात. भरल्या विहिरी असल्या तरी झाडाला महिनाभर पाणी द्यायचं नाही. जमीन भेगाळते, पानं मलूल होऊन पिवळी पडतात, गळतात. बाहेरचा माणूस बघेल तर म्हणेल, या लोकांना झाडाची दयामाया नाही. पण मग पाणी दिलं की तेच झाड फुलानं पांढरं होतं. बाराही महिने पाणी पिणारं झाड नुसता पाला वाढवतं. मामाजींना पाणी कधी तोडायचं आणि कधी द्यायचं याची नजर होती. दुसरे शेतकरी त्यांना विचारायला यायचे.

संक्रांतीचा दिवस. मी तिळगूळ द्यायला वाकले तर मामाजींनी मला नीट न्याहाळलं. म्हणाले, "आता बरं वाटून राहिलं न तुले?"

"हो मामाजी. एकदम."

"शाळेत जाऊन राहिली?"

"रोज."

"मंग आता गोळी कायले पाह्यजे? पाय, झाडाले बाराही महिने पाणी देल्लं त नुसता पाला येते. पाणी तोडलं का झाड आपल्या ताकदीनं फुलते. तुयंही आता तोडून टाक. आपल्या ताकदीनं राय."

इतक्या मायेनं बोलले ते. आणि मला काय ऐकायचं होतं तेच बोलले. मी बरी आहे, माझ्यात ताकद आहे, माझं मीच उभं राहू शकते. कुणाला नको असतं हे ऐकायला? शिवाय ते कोरडं तोंड. ह्यांनी हळूच म्हटलं, "डॉक्टर तं नाई म्हणाले होते." मामाजी म्हणाले, "डॉक्टरनं का हिले रोज पायलं? मी पाहून राहिलो." त्या रात्री मी गोळी घेतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात घालून तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिल्या.

पहिले दोन-तीन दिवस तोंडाला पाणी सुटत होतं, त्याचंच मला कौतुक. मग मळमळ सुरू झाली. झोप उडाली. उगाच चिडचिड, उगाच घाम. सासूबाईंना वेगळीच आशा वाटली, त्या चिंचेची विचारपूस करू लागल्या. मी स्वतःला सांगत होते की हे झाड पिवळं पडतंय, पडू दे, पुढे फुलणार आहे. मामाजींचं गणित मला इतकं पटलं होतं.

एका सकाळी बसमध्ये ती पुन्हा आली. तीच. एवढे दिवस कुठं दडून बसली होती कोण जाणे, आली ती दुप्पट होऊन आली. बस आमच्या बगीच्यापाशी पोचत होती. मी उठले, दांडी धरली, "थांबवा" म्हणाले की नाही ते आठवत नाही, पण कंडक्टरनं माझं तोंड बघूनच बेल मारली. मी धुऱ्याच्या बांधावरून चालत आत गेले. डबा कुठं पडला तेही कळलं नाही. बगीच्यात कोपऱ्यात एक झाड होतं, त्याच्या बुंध्याशी जाऊन खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती धरली.

माती ओली होती.

मामाजी दुरून धावत आले. त्या वयात मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. जवळ येऊन उभे राहिले, काय करावं त्यांना कळेना. सुनेच्या अंगाला हात कसा लावायचा? फेटा सोडून त्यांनी माझ्यापुढे धरला, घाम पुसायला. मग तेही समोर मातीत बसले. हळूहळू माझा श्वास खाली आला. मी इकडे-तिकडे पाहिलं. सगळ्या बगीच्यात जमीन पांढरी पडून फुटलेली, पानं लोंबलेली. एवढ्या एकाच झाडाचं आळं काळंभोर, बुडाशी हिरवं गवत. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मामाजी, या झाडाचं पाणी नाही तोडलं?"

"नाई," ते म्हणाले. "याले डिंक्या लागला होता. पाय न, सालीतून डिंक गळते. बीमार झाडाचं पाणी नाई तोडत कोनी. ताकद असन त्याचंच तोडतेत. बीमार झाडाचं तोडलं त मरूनच..."

आणि ते थांबले. तोंड तसंच थोडं उघडं राहिलं. माझ्याकडे बघितलं, मग त्या बुंध्याकडे, जिथं चुन्यासारखा काही लेप लावलेला होता. कुठंतरी होले घुमत होते. मग मामाजी उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाले, "चाल पोरी. नागपूरले जाऊ." ते मला नेहमी सूनबाई म्हणायचे. पोरी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले.

मी राग धरला का? कुणीही विचारेल. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी आला होता. इतका आला की मी ओल्या मातीचं ढेकूळ हातात कुस्करलं. पण तो माणूस सुनेसाठी धुऱ्यावरून धावला होता, घाम पुसायला फेटा सोडून दिला होता. शिवाय त्यांच्या चुकीत माझाही अर्धा वाटा होता, मला ती चूक आवडली होती.

नागपूरला या वेळी मामाजी बरोबर आले. हेही होते, पण बोलणं मामाजींनी केलं. डॉक्टरांच्या खोलीत ते खुर्चीवर बसायला तयार नव्हते, उभ्यानंच म्हणाले, "डॉक्टर साहेब, या पोरीनं गोळी बंद नाई केली. म्या कराले लावली. हिले बोलू नका." डॉक्टर कुणालाच बोलले नाहीत. पुन्हा सुरू करू म्हणाले, पण पहिल्यापासून, थोडी थोडी वाढवत. मामाजींनी मान हलवली, "होय, पयलं पाणी हलकंच द्या लागते. एकदम भरपूर देल्लं त फूल गळते." डॉक्टरांनी चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसंच समजा. आणि बंद करायची वेळ येईल, ती मी सांगेन. तेव्हाही हळूहळूच." ती वेळ पुढं सव्वा-दीड वर्षानं आली, आणि हळूहळूच आली. पण ते नंतरचं.

आम्ही नागपूरहून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी मामाजींनी बगीच्याला पहिलं पाणी दिलं. हलकं. माझी गोळीही पुन्हा हलकी सुरू झाली होती. पुन्हा तांब्या उशाशी, पुन्हा लवंग, पुन्हा वाट पाहणं. फरक एवढाच की या वेळी शाळा सोडायची नाही असं मी ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, जमेल तेवढं जात राहा, भीती घेऊनच जा.

भीती घेऊन जाणं काय असतं ते सांगते. बस सुटते, छाती सुरू होते, तुम्ही दांडी धरता आणि मनात म्हणता, आता बगीचा येईल. एवढंच. पांढुर्ण्याचा विचारच करायचा नाही, तो फार लांब आहे. फक्त बगीचा. आणि पहिल्या सकाळी बगीचा आला तेव्हा मी पाहिलं, मामाजी रस्त्याच्या कडेला धुऱ्यावर उभे होते. हातात फावडं. बस जवळ आली तसं त्यांनी हात वर केला. नमस्कार नाही, टाटा नाही, नुसता हात वर, जणू आहे मी इथं. इथं उतरायचं असलं तर उतर, मी आहे. मी उतरले नाही.

दुसऱ्या दिवशीही होते. तिसऱ्या दिवशीही. धुऱ्यावर त्यांचं काहीच काम नव्हतं, पाणी दुसऱ्या टोकाला चालू होतं. घरी या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही. कंडक्टरच म्हणायचा, "मास्तरीणबाई, तुमचे मामाजी उभे आहेत." सगळी बस बघायची. मला आधी संकोच वाटला, मग संकोचाची सवय झाली. बगीच्यापर्यंतची भीती मी त्यांच्या भरवशावर काढायची. पुढची माझ्या.

मग फुलं आली. त्या वर्षी असा बहार आला की लोक पाहायला थांबत होते. बसच्या खिडक्यांतून तो वास आत भरायचा, गोड, थोडा कडवट, डोकं जड करणारा. माझं तोंड कोरडं, हात दांडीवर, बाहेर पांढरी झाडं आणि त्यात पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा हात वर करून उभा. तो वास आणि ते कोरडेपण माझ्यात तेव्हाच एकत्र कलम झालं असावं. अजून वेगळं झालेलं नाही.

फाल्गुन लागला. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या. एका संध्याकाळी मी घरी आले, पिशवी ठेवली, पाय धुतले. मामाजी ओट्यावर बसून होते. म्हणाले, "का व, आज मोटरीतून काई दिसलं का?"

"काय दिसायचं होतं मामाजी?"

"मी दिसलो का धुऱ्यावर?"

मी आठवू लागले. सकाळी बसमध्ये शेजारी आमच्या शाळेतली नवीन बाई होती, तिला मी भरल्या वांग्याचा मसाला सांगत होते. दाणे किती, तीळ किती. मग पांढुर्णा आला आणि आम्ही उतरलो. बगीचा कधी गेला? मी खिडकीकडे पाहिलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचारे उन्हात उभे राहिले असतील, हात वर करून, आणि मी वांग्यांत दंग.

"मामाजी, माफ करा," मी म्हटलं. "माझं लक्षच नव्हतं. मी पाहिलंच नाही."

"मी नोतोच तठी," ते म्हणाले. "आठ-दहा रोज झाले, जाऊनच नाई राहिलो. तुले मालूमच नाई."

मी तिथंच ओट्याच्या पायरीवर बसले. आठ-दहा दिवस. मी रोज त्या धुऱ्यावरून गेले होते, रोज, आणि तो रिकामा आहे हे मला कळलंही नव्हतं.

मामाजी हसत नव्हते. डोळ्यांच्या कडा पुसत होते, फेट्याच्या त्याच टोकानं. मग म्हणाले, "मंग झालं. आता मी माया कामाले लागतो." आणि उठता उठता, आत स्वयंपाकघराकडे तोंड करून, "अवो, हिले पाणी आणा. गोळीची वेळ झाली."